आखाजीचा नारळ आणि जमिनीतली माती

माझा भाचा धुळ्याला देवपुरात भाड्याने राहतो. त्याने शहराबाहेर एक बिनशेती प्लॉट घेतला, तीस बाय पन्नासचा, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, महिना असताना मला फोन केला. "मामा, आखाजीला नारळ फोडतो. दुसऱ्या दिवशी मिस्तरी लाइनआउट मारणार. तुम्ही फक्त अंदाजे किती लागतील तेवढं सांगा." लाइनआउट म्हणजे पाया कुठे खणायचा त्याच्या चुन्याच्या रेघा. मी विचारलं, नकाशा कुठे आहे? तर म्हणे, शेजाऱ्याचाच नकाशा घेतलाय, फक्त जिना उलट्या बाजूला घ्यायचा.

त्याच फोनवर शेवटी त्याने आणखी एक विचारलं. "पेपरात तापीवरच्या पाडळसऱ्याच्या धरणाचं येत असतं. दीडशे कोटींच्या आतलं काम पाच हजार कोटींच्या घरात कसं जातं हो?"

दोन वेगळे प्रश्न विचारले असं त्याला वाटलं. माझ्या मते तो एकच प्रश्न होता. मी पंचवीसेक वर्षं बांधकामाची अंदाजपत्रकं करतोय, आणि आकडा चुकला की लोक सिमेंटच्या भावाकडे, ठेकेदाराकडे, नाहीतर साहेबांच्या खिशाकडे बघतात. तिथे काही नसतंच असं मी म्हणणार नाही. पण आकडा फार आधी, कोणी बघत नसताना हलायला लागतो. ते "आधी" नेमकं काय असतं, ते इथे सांगतो.

## नारळाच्या आधी काय चाललेलं असतं

आपल्याला काम दिसतं ते भूमिपूजनापासून: मंडप, कुदळ, हार, फोटो. सरकारी कामात त्याच्या आधी मोठी वाट चालून झालेली असते, किंवा चालून व्हायला हवी.

सगळ्यात आधी गरज. पाणी हवंय, पूल हवाय, की नुसती मागणी आहे? मग पर्याय. नदी ओलांडायला पूल इथे बांधायचा की दोन किलोमीटर वर, जिथे पात्र अरुंद आहे? त्यानंतर जागेची पाहणी, मातीची तपासणी, पाण्याचा आणि पुराचा हिशेब. हे सगळं एका जाड अहवालात बसतं. त्याला सविस्तर प्रकल्प अहवाल म्हणतात, बोलताना डीपीआर. त्यावर दोन मान्यता लागतात, आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. प्रशासकीय मान्यता म्हणजे सरकार म्हणतं, "हे काम करायचं, आणि त्यावर एवढा पैसा घालायला आमची तयारी आहे." तांत्रिक मान्यता म्हणजे अभियंता म्हणतो, "हे काम असं उभं राहील, माझे हिशेब बरोबर आहेत." पहिली घराच्या कर्त्याची, दुसरी मिस्तरीची. त्यानंतर निविदा, ठेकेदार, कार्यारंभ आदेश, आणि मग नारळ.

खर्च मंजुरीच्या पुढे गेला की नव्याने मान्यता घ्यावी लागते. तिला सुधारित प्रशासकीय मान्यता म्हणतात. पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात एवढं लांब कोणी बोलत नाही, सरळ "सुप्रमा" म्हणतात. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा, पाचवी सुप्रमा. पेपरात हा शब्द दिसला की समजायचं, आधीचा आकडा पुरला नाही.

भाच्याच्या घरात यातलं काहीच नव्हतं. गरज होती, मुहूर्त होता. मधलं सगळं शेजाऱ्याच्या नकाशातून उचललेलं.

## केळीच्या दोन खोडांमधलं अंतर

रावेर-यावलकडे केळी लावणाऱ्या माणसाला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. लागवडीच्या आधी तो दोरी धरून उभा राहतो. पाच बाय पाच की सहा बाय पाच? पाच बाय पाचला एकरात साधारण १७४० खोडं बसतात, सहा बाय पाचला १४५०. रोपं किती मागवायची, ठिबकच्या नळ्या किती, खत किती, मधून बैलजोडी जाईल की छोटा ट्रॅक्टर, घड काढायला माणूस कसा शिरेल, हे सगळं त्या दोरीने ठरतं. दोरी धरायला अर्धा दिवस जातो आणि खर्च जवळपास काहीच नाही. पण बाग कमरेएवढी झाल्यावर "अंतर जरा वाढवू या" असं कोणी म्हणालं तर लोक हसतील.

बांधकामाचं अगदी असंच असतं. १९७६ मध्ये बॉइड पॉल्सन या अमेरिकन प्राध्यापकाने हे दोन रेषांत दाखवलं. एक रेषा तुमच्या हातात किती आहे त्याची. ती सुरुवातीला उंच असते आणि काम पुढे जाईल तशी उतारावरच्या बैलगाडीसारखी खाली येते. दुसरी खर्चाची. ती सुरुवातीला जमिनीला टेकलेली असते आणि मग चढत जाते. जेव्हा हातात सगळं असतं तेव्हा खर्च नगण्य असतो. जेव्हा पैसा धो धो जात असतो तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

भाच्याचा जिना घ्या. कागदावर तो डावीकडून उजवीकडे न्यायला खोडरबर पुरतो. लाइनआउट मारल्यावर चुना पुसावा लागतो, मिस्तरीची चिडचिड ऐकावी लागते. फूटिंग, म्हणजे खांबाखालचा पाया, भरल्यावर न्यायचा तर नवं फूटिंग आणि जुन्यावर पाणी सोडणं. स्लॅब पडल्यावर न्यायचा तर ब्रेकर मशीन, कापलेल्या सळया आणि घरात आठ दिवस भांडण. जिना तोच, घरही तेच.

## धुळ्याचा फाटा

सुरुवातीचा एक निर्णय किती लांब पोचतो हे खान्देशात शिकायचं असेल तर रेल्वेकडे बघावं.

१८६० च्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे मनमाड, चाळीसगाव, जळगाव करत भुसावळला गेली. पुढे वऱ्हाडचा कापूस होता, नागपूर होतं, जबलपूरचा रस्ता होता. आखणी करणाऱ्यांच्या हिशेबाने ती ओळ बरोबरच होती. पण जिल्ह्याचं ठाणं असलेलं धुळे त्या ओळीपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटर बाजूला राहिलं. पुढे चाळीसगावहून धुळ्याला एक फाटा काढला. तेव्हापासून धुळेकराच्या कित्येक पिढ्यांनी चाळीसगावच्या फलाटावर गाडी बदलली. भुसावळ रेल्वेचं गाव झालं, जळगावची बाजारपेठ फुगली, आणि धुळ्याची भिस्त रस्त्यावर राहिली. कागदावर ओढलेल्या एका ओळीने हे केलं, आणि ती ओढणाऱ्याच्या डोक्यात धुळ्याचं वाईट करायचं असं काही नसणार.

आता मनमाड-इंदूर नवीन मार्ग होतोय. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली: ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये, ३० नवी स्थानकं. त्यातल्या धुळे-नरडाणा टप्प्याची पायाभरणी त्याआधीच, फेब्रुवारी २०१९ मध्ये झाली होती. ज्यांची जमीन त्या पट्ट्यात येते त्यांना आखणी म्हणजे काय ते आता चांगलं कळलंय. ओळ दोनशे मीटर इकडे सरकली तर एकाची विहीर वाचते, दुसऱ्याचा मळा जातो. स्थानक कुठे, मालधक्का कुठे, गावाचा रस्ता रुळांखालून जाणार की चार किलोमीटर वळसा घालून, हे प्रश्न विचारायची वेळ आखणीची. रूळ पडल्यावर त्याच प्रश्नांची निवेदनं होतात.

चांगली बाजूही सांगायला हवी. धुळ्यात पत्ता विचारला तर आजही "गल्ली नंबर चार", "गल्ली नंबर पाच" असं सांगतात. त्या सरळ, समांतर गल्ल्यांचं श्रेय बरेच जण विश्वेश्वरय्यांना देतात. पण नवी पेठ आखायला घेतली ती १८१९ च्या सुमारास, खान्देशचा पहिला कलेक्टर कॅप्टन ब्रिग्जने. तेव्हा विश्वेश्वरय्या जन्मलेही नव्हते. दोनशे वर्षांनी रिक्षा, मोटारसायकली आणि हातगाड्या त्याच आखणीतून चालल्यात.

विश्वेश्वरय्यांचं धुळ्याशी नातं वेगळंच आहे. १८८४ मध्ये नोकरीला लागल्यावर त्यांच्या पहिल्या कामांतलं एक होतं धुळे जिल्ह्यातल्या दातर्तीचं: पांझरा नदीच्या प्रवाहाखालून नळ घालून पाणी पलीकडे काढायचं. याला सायफन म्हणतात. पाणी एका काठाला खाली उतरतं, नदीखालून जातं आणि पलीकडच्या काठाला आपोआप वर चढतं. पंप नाही, काही नाही. एकच अट असते: पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा पुरेसं खाली हवं. ही पातळी आधी, कोरड्यात उभं राहून, दुर्बिणीने मोजायची असते. तिथे चुकलात तर नळ कितीही भारी आणा, पाणी चढणार नाही.

## काळ्या मातीचं म्हणणं

आपल्याकडे आधीच्या तपासणीत मातीला सगळ्यात वरचं पान द्यायला हवं, आणि आपण नेमकं तेच पान उलटतो. ही कापसाची काळी माती पिकाला लाखमोलाची आणि पायाला वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्रात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात ना, त्याच भेगा घराखालीही पडू बघतात. फक्त वर घर असतं म्हणून त्या भिंतीत दिसतात.

अमळनेरला आमच्या वडिलांनी बांधलेल्या घराचा मागचा दरवाजा दर पावसाळ्यात अडकायचा. आई गुडघा लावून तो ढकलायची. आम्हाला वाटायचं लाकूड फुगतं. सुताराला दोनदा रंधा मारायला लावला. मग उन्हाळ्यात त्याच दारातून बोटभर फटीतून धूळ यायची. मी शिकून आल्यावर कळलं, लाकडाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, चौकट ज्या भिंतीत होती ती भिंतच वर-खाली होत होती. घराची पुढची बाजू मुरमावर होती, मागची काळ्या मातीवर. पाया खणताना कोणी तरी तो फरक पाहिला असणारच. पण तेव्हा ट्रॅक्टरभर दगड आधीच येऊन पडले होते, आणि आलेल्या दगडांपुढे कोणाचं काय चालतं?

यावर उपाय नाहीत असं नाही. काळी माती काढून मुरूम भरता येतो. पाया खाली टणक थरापर्यंत नेता येतो. थर फारच खोल असेल तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने खास अशा मातीसाठी रुळवलेली एक रीत आहे. जमिनीत खोल भोक पाडून त्याच्या तळाशी कांद्यासारखा फुगवटा करायचा आणि मग काँक्रीट भरायचं. फुगवटा साधारण दांड्याच्या अडीच पट रुंद असतो, आणि खोल काळ्या मातीत हे खांब निदान साडेतीन मीटर खाली न्यावे लागतात, कारण तिथे ओल फारशी बदलत नाही, म्हणून माती हलत नाही. वरची माती नाचली तरी खालचा कांदा घर धरून ठेवतो.

पण यातला कुठला उपाय, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. तपासणीच्या खड्ड्याला दोन दिवस आणि थोडी मजुरी लागते. प्रयोगशाळेतून जमिनीची धारणक्षमता, म्हणजे ती किती वजन पेलेल ते, काढून आणायची तर एक-दोन आठवडे. घराच्या एकूण खर्चापुढे ही रक्कम रंगाच्या डब्याएवढी असते.

"पण शेजाऱ्याचं घर तर उभं आहे!" हे भाच्याने म्हटलंच. शेजाऱ्याचं घर दोन वर्षांचं आहे. शिवाय काळ्या मातीची खोली वीस फुटांत बदलते. जुना नाला बुजवून प्लॉट पाडलेले असतील तर विचारूच नका.

## मग आकडा फुगतो कसा

निम्न तापी, म्हणजे आपलं पाडळसरे धरण. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मंजूर झालं तेव्हा आकडा दीडशे कोटींच्या आतला होता. अलीकडच्या सुप्रमाचा आकडा ४,८९० कोटींचा आहे. हा सगळा फरक म्हणजे चूक किंवा चोरी असं म्हणणं सोपं आहे, पण बरोबर नाही. पंचवीस वर्षांत सिमेंट, पोलाद, डिझेल, मजुरी कुठल्या कुठे गेली. भाव वाढतो तेव्हा तेच काम महाग होतं. ही वाढ खरी आहे, पण ती काम लांबलं म्हणून लागते. लांबलं का, हा प्रश्न राहतोच.

कुठलंही मोठं काम लांबतं तेव्हा मला बहुतेक त्याच त्या गोष्टी दिसतात. जमीन हातात यायच्या आत काम सुरू होतं. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव, वारस नोंद नाही, एक भाऊ सुरतेला, एक बहीण परगावी. मोबदला घ्यायला सही कोण करणार? त्यात १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला आणि ग्रामीण भागात मोबदला बाजारभावाच्या काही पट झाला. तो द्यायलाच हवा होता, पण जुन्या अंदाजपत्रकांत ही रक्कम कुठे होती? रस्त्याच्या कामात विजेचे खांब आणि पाण्याची लाइन मध्ये येते. ती कुठून जाते हे कुठल्याच नकाशावर नसतं, फक्त एका निवृत्त वायरमनच्या डोक्यात असतं. आणि दर वर्षी लागेल तेवढा पैसा न मिळता थोडा थोडा मिळतो. दोन वर्षांचं काम मग वीस वर्षं भिजत राहतं.

याशिवाय एक कारण आहे, ते कोणी अहवालात लिहीत नाही. सुरुवातीचा आकडा मुद्दाम लहान ठेवला जातो. "आधी मंजूर तर होऊ द्या." मोठा आकडा दाखवला तर फाइल परत येते, लहान दाखवला तर पुढे सरकते. एकदा बोट धरू दिलं की मनगट आपोआप हातात येतं. मी स्वतः अशा खोल्यांत बसलोय जिथे अंदाजपत्रक वरून खाली, म्हणजे मंजूर होईल त्या आकड्यापासून उलटं, लिहिलं गेलं. तेव्हा मी गप्प बसलो होतो, हेही सांगून टाकतो.

हा रोग काही खान्देशातलाच नाही. बेंट फ्ल्यूबियर्ग या डॅनिश अभ्यासकाने १३६ देशांतले १६,००० हून जास्त प्रकल्प गोळा केले. ठरल्या खर्चात आणि ठरल्या वेळेत संपलेले त्यात साडेआठ टक्के निघाले. खर्च, वेळ आणि सांगितलेला फायदा हे तिन्ही जमलेले अर्धा टक्का, म्हणजे दोनशेत एक. सिडनीचं प्रसिद्ध ऑपेरा हाउस घ्या. १९५९ मध्ये काम सुरू केलं तेव्हा वरचं शिंपल्यांसारखं छत नेमकं कसं बांधायचं हेच ठरलेलं नव्हतं. खालचे खांब आधी उभे केले, नंतर कळलं की ते छताचं वजन पेलणार नाहीत, मग ते पाडून पुन्हा केले. सत्तर लाख डॉलरांचा अंदाज दहा कोटी वीस लाखांवर गेला, आणि चार वर्षांचं काम १९७३ मध्ये संपलं. घाई का केली? निवडणुकीच्या आधी काम सुरू झालेलं दिसायला हवं होतं. ओळखीचं वाटतंय ना?

यावर फ्ल्यूबियर्गचा उपाय आपल्या घरातल्या आजीला ठाऊक असतो. लेकीच्या लग्नाचा खर्च काढताना बाप वही घेऊन बसतो: मंडप एवढा, आचारी एवढा, कापडं एवढी, बेरीज चार लाख. आजी म्हणते, "वही ठेव. मोठ्याच्या पोरीला किती लागले? चुलत्याच्या पोरीला? शेजारच्या पाटलाला?" सहा-सात. मग आपल्यालाही सहा-सातच लागणार, आपण काही वेगळ्या मातीचे नाही. आपल्या कामाचा हिशेब आतून मांडण्याआधी तशाच झालेल्या दहा कामांना शेवटी किती लागले ते बघायचं. एवढी साधी गोष्ट, आणि एवढी क्वचित केली जाणारी.

## "विचार करत बसलो तर भाव वाढतील"

हा आक्षेप खरा आहे, म्हणून जरा थांबतो. वाट बघण्याला किंमत असते. मनमाड-इंदूरची मागणी कित्येक दशकं पडून होती, तो काळ काही कोणी नियोजनात घालवला नाही. फाइल पडून राहणं आणि त्या फाइलवर काम होणं यात रात्र-दिवसाचा फरक आहे. फाइल पडून असते तेव्हा कोणी खड्डा घेत नाही, कोणी मोजणी करत नाही, कोणी दुसरा पर्याय काढून बघत नाही. नुसती तारीख पुढे जाते. नियोजनाचा उशीर म्हणजे ज्या दिवसाच्या शेवटी आपल्याला कालपेक्षा काहीतरी जास्त माहीत असतं तो.

दुसरं, कागदावरचा महिना आणि साइटवरचा महिना सारखा महाग नसतो. कागदावर दोन माणसं, एक कॉम्प्युटर आणि चहा चालू असतो. साइट थांबली की मशीनचं भाडं, सेंट्रिंगच्या प्लेटांचं भाडं, रखवालदार, घरमालकाचं चालू भाडं आणि बँकेचं व्याज, सगळं चालू राहतं.

भाच्याचा खरा मुद्दा वेगळा होता. पाऊस यायच्या आत पाया व्हायला हवा. बरोबर आहे, काळ्या मातीत पावसाळी खड्डा म्हणजे चिखलाची विहीर. म्हणूनच आधी खड्डा घेऊन बघायला हवं. पाया अर्धवट खणून जूनमध्ये "अरे, हे तर खोलच जातंय" असं कळण्यापेक्षा एप्रिलमध्ये कळलेलं परवडतं.

## "ते तज्ज्ञांचं काम, आपल्याला काय कळतं"

गणित तज्ज्ञांचं, हे खरं. पण अंदाजपत्रकात नसलेली बरीचशी माहिती गावाच्या पारावर बसलेली असते. पुराचं पाणी कुठपर्यंत आलं होतं, कुठला नाला कुठे बुजवलाय, कुठल्या शेतात विहीर खणताना पंचवीस फुटांवरही दगड लागला नव्हता. ही माहिती फुकट आहे, फक्त वेळेत विचारावी लागते. बऱ्याच मोठ्या प्रकल्पांसाठी तसा कायदाही आहे. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेत जनसुनावणी आहे, २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. आपण तिथे जातो का? गेलो तर बहुतेक मोबदल्याचं बोलून परत येतो. मोरी किती रुंद, गुरांचा रस्ता कुठून, हे विचारायचं राहून जातं.

आणि पुढचं आधी ठरवणं हे खान्देशाला बाहेरून शिकायला नको. पांझरेवरचे फडाचे बंधारे बघा. त्यांना काही शतकं झाली. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली असते, एका फडात एक पीक. कुठल्या फडात काय घ्यायचं हे शेतकरी बसून ठरवतात. प्रत्येकाचा तुकडा वेगवेगळ्या फडांत असतो, म्हणून पाणी कमी आलं तर तोटा सगळ्यांना थोडा थोडा बसतो, एकट्याचं घर बुडत नाही. पाणी द्यायला पाटकरी, राखायला जागल्या. बंधारा म्हणजे नुसती दगडी भिंत नव्हती. ती उभी राहिल्यावर पाणी कोण देणार, भांडण कोण मिटवणार, गाळ कोण काढणार, हे त्या व्यवस्थेतच होतं. आजच्या डीपीआरमध्ये भिंतीला शंभर पानं असतात आणि देखभालीला दीड.

दुसरी आठवण नंदुरबारची, आणि ती कडू आहे. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. धरण किती उंच हे आधी ठरलं. माणसं कुठे, कुठल्या जमिनीवर आणि कशी राहतील याची भांडणं त्यानंतर कैक दशकं चालली.

## 'नाही' म्हणायची वेळ

आधीच्या टप्प्याचा सगळ्यात मोठा उपयोग म्हणजे तिथे 'नाही' म्हणता येतं. हे फारसं कोणाला आवडत नाही, कारण अभ्यास म्हणजे होकाराची तयारी असं आपण धरून चालतो. खड्डा घेतला आणि माती वाईट निघाली तर जागा बदलता येते, घरातली एखादी खोली कमी करता येते, एक मजला वगळता येतो, किंवा दोन वर्षं थांबता येतं. नदीत दोन खांब उभे राहिल्यावर पूल नको असं कोणी म्हणू शकत नाही. मग वाक्य बदलतं: "एवढा पैसा घातलाय, आता सोडायचं कसं?" घातलेला पैसा परत येणार नसतो, तरी पुढचा पैसा त्याच्यामागे जातो. कोरड्या विहिरीत आणखी दोन सुरुंग उडवणारा शेतकरी आणि अर्धवट प्रकल्पाला आणखी एक हप्ता देणारं खातं, दोघांचं दुखणं एकच.

म्हणून पर्याय खरे असावे लागतात. अहवालात तीन पर्याय असतात, पण दोन मुद्दाम कुरूप काढलेले, म्हणजे तिसरा आपोआप गोरा दिसावा. मुलगी दाखवताना जुन्या काळी असलं काही करत, असं म्हणतात. कागदावरचा पर्याय खरा आहे की शोभेचा, हे ओळखायची माझी रीत सोपी आहे. मी विचारतो, "हा दुसरा पर्याय निवडला असता तर आज काय वेगळं केलं असतं?" समोरचा गडबडला की समजतो.

भाच्याशी मी सौदा केला. आखाजीला नारळ फोड, पूजा कर, पुरणपोळी आणि आंब्याचा रस मला पण वाढ, पण कुदळ त्या दिवशी फक्त टेकव. त्याआधी दोन कोपऱ्यांत खड्डे घे. मिस्तरी आधी हसला. "भाऊ, जमीनमा काय शे, कोणले माहीत!" मी म्हटलं, म्हणूनच तर.

रस्त्याकडच्या कोपऱ्यात तीन फुटांवर मुरूम लागला. मागच्या कोपऱ्यात सात फूट गेले तरी काळी मातीच, आणि तिच्यात एक जुनी प्लास्टिकची चप्पल. म्हणजे तिथे कधीतरी भराव टाकला होता. मिस्तरी बराच वेळ ती चप्पल हातात धरून बघत राहिला. त्या रात्री भाच्याने शेजाऱ्याचा नकाशा बाजूला ठेवला, घर सहा फूट पुढे ओढलं, मागे अंगण सोडलं. जिना मात्र उलट्या बाजूलाच घेतलाय, ते त्याच्या बायकोने आधीच ठरवलं होतं.